कोकोपोचं कॅलेंडर

पापुआ न्यू गिनीत पश्चात्तापासाठी सरकारी सुट्टी असते, २६ ऑगस्टला. बँका बंद, शाळा बंद, आणि सगळ्या देशाने त्या दिवशी देवापुढे गुडघे टेकावेत अशी अपेक्षा. वसईहून मी इथे गणित शिकवायला आले, तेव्हा शाळेच्या ऑफिसात दारामागे चिकटवलेल्या यादीत ही सुट्टी पहिल्यांदा वाचली. मुख्याध्यापिका सिस्टरना विचारलं, "या दिवशी नेमकं करायचं काय?" त्या इथल्याच, टोलाई जमातीच्या. म्हणाल्या, "सकाळी मिस्सा, मग मासे पकडायला."

त्याच यादीत जूनमध्ये इंग्लंडच्या राजाचा वाढदिवस आहे, कारण कागदोपत्री इथला राष्ट्रप्रमुख अजून तोच. २३ जुलैला स्मरणदिन आहे, १६ सप्टेंबरला स्वातंत्र्यदिन. गुड फ्रायडे, इस्टर, नाताळ हे आलंच. पण काही दिवस यादीत नसूनही पाळले जातात, आणि खरं कॅलेंडर तेच आहे हे कळायला मला इथे राहावं लागलं.

कोकोपो हे गाव न्यू ब्रिटन बेटाच्या पूर्व टोकाला आहे. प्रांताची राजधानी पूर्वी पलीकडच्या राबाउलला होती. १९ सप्टेंबर १९९४ ला खाडीच्या दोन तोंडांवरचे तावुर्वुर आणि वल्कन हे ज्वालामुखी एकाच दिवशी फुटले, राबाउलची छपरं राखेच्या ओझ्याने खाली बसली, आणि सरकार, बाजार, ऑफिसं सगळं कोकोपोला आलं. तावुर्वुरच्या पायथ्याशी मातुपित नावाचं बेट आहे. तिथले लोक अजून गरम राखेत खोल खड्डे खणून रानकोंबडीची अंडी काढतात. ही कोंबडी अंडी उबवत नाही, ते काम ज्वालामुखीवर सोडते. मला हा पक्षी फार आवडतो.

वसईच्या माणसाला इथे परकं वाटायला वेळच मिळत नाही. नारळ, केळी, सुपारी, वर पाऊस. बाजारात पहिल्या दिवशी गेले तर ओळीने बायका सुपारी घेऊन बसलेल्या, पुढ्यात चुन्याच्या पुड्या. पान कुठे म्हणून शोधत होते, तर पानाऐवजी वेलीची हिरवी, बोटभर लांब शेंग. वेल आपलीच, नागवेल. आमच्या वाडीत आजोबा पानाचे गड्डे बांधून मुंबईला धाडायचे, शेंगेकडे कोणी ढुंकून बघत नसे. इथे उलटं. शेंग चुन्यात बुडवून सुपारीबरोबर चघळतात आणि पान वेलीवरच पिकून गळतं. हे मी घरी फोनवर सांगितलं तेव्हा आईने विचारलं, "पानं कोणी आणत नाही का मग बाजारात? गड्ड्याला काय भाव येईल?" आई व्यवहाराची आहे.

झावळ्यांच्या रविवारी इथेही नारळाच्या कोवळ्या झावळ्या विणून हातात धरतात. गुड फ्रायडेला क्रूसाच्या वाटेने डोंगर चढतात आणि चौदा स्थानं गाठेपर्यंत पोरं आंब्यांवर दगड मारतात. हे सगळं वसईतल्या गासच्या आमच्या धर्मग्रामातून उचलून आणल्याइतकं सारखं आहे, म्हणून त्याच्यावर फार लिहीत नाही. वेगळं आहे ते युद्ध.

गासला युद्ध म्हणजे वसईचा किल्ला. पोर्तुगीज आणि चिमाजीअप्पा, १७३९, आणि आता तिथे शनिवारी-रविवारी लग्नाआधीचे फोटो काढतात. कोकोपोला युद्ध घराच्या मागे असतं. केळीच्या बागेत जपानी तोफेची नळी पडलेली, तिच्यावर कोणाचे तरी कपडे वाळत घातलेले. कारावियाच्या डोंगरात बोगदा, आणि त्यात लोखंडी पडाव अजून एकामागे एक उभे. दिवसा बॉम्ब पडायचे, म्हणून जपानी ते रुळांवरून आत ओढून ठेवत. या सगळ्या टापूत मैलोगणती बोगदे आहेत. शाळेच्या सहलीला बोगदा दाखवायचा म्हटलं तर मुली तोंड वाकडं करतात, "सिस्टर, आमच्या घरामागे आहे."

जपानी सैन्य २३ जानेवारी १९४२ ला राबाउलला उतरलं. ही तारीख मी वाचली तेव्हा जरा थबकले, कारण २३ जानेवारी आम्ही शाळेत वेगळ्या कारणासाठी पाळत असू, नेताजींची जयंती म्हणून. हा निव्वळ योगायोग आहे, त्यातून काही निघत नाही. पण पुढे जे सांगायचं आहे त्यात नेताजींची सेना येतेच.

एप्रिलमध्ये ऑस्ट्रेलियन पाहुणे येतात. २५ एप्रिल त्यांचा अँझॅक दिन, १९१५ साली गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर उतरलेल्यांच्या आठवणीचा. (त्या दिवशी त्यांच्याबरोबर हिंदुस्थानी पहाडी तोफखानाही उतरला होता, खेचरांवर तोफा लादून. ते फारसं कोणी बोलत नाही.) पहाटेची प्रार्थना बिटा पाकाच्या युद्ध-कबरस्तानात होते, कोकोपोपासून आत, नारळ आणि कोकोच्या बागांमधून जाणाऱ्या रस्त्यावर. ही जागाही त्यांनी उगाच निवडलेली नाही. पहिल्या महायुद्धात इथे जर्मनांचं बिनतारी केंद्र होतं, आणि ११ सप्टेंबर १९१४ ला ऑस्ट्रेलियन तुकडीने ते लढून घेतलं. त्या युद्धात मेलेले पहिले ऑस्ट्रेलियन सैनिक युरोपात नाही, या कोकोच्या बागांत मेले. तीन दिवसांनी त्यांची एई-१ ही पाणबुडी याच पाण्यात माणसांसकट नाहीशी झाली. ती सापडली २०१७ साली.

मी गेले ते आमच्या शाळेच्या गायनवृंदाबरोबर. रात्री तीनला उठून ट्रकच्या मागे मुली, गिटारी आणि डाससंहारक मलम. अंधारात पांढऱ्या कपड्यातले गोरे लोक हळू आवाजात बोलत उभे, छातीवर उजव्या बाजूला आजोबांची पदकं. उजवीकडे लावली की पदक वारशाने आलेलं, हे मला एका मुलीनेच सांगितलं. तिला इतक्या वर्षांच्या गाण्यातून सगळं पाठ झालेलं. बिगुल वाजला, एक मिनिट शांतता झाली, आणि त्या एका मिनिटात कबरस्तानापलीकडच्या वस्तीत कोंबडे आरवत राहिले.

उजाडल्यावर दिसलं की गवत गालिचासारखं कापलेलं आहे आणि त्यात जमिनीलगतच्या बसक्या शिळांवर धातूच्या पाट्या ओळीने बसवल्या आहेत. मोठे पर्जन्यवृक्ष. मुली सॉसेज-पाव खायला पळाल्या. मी ओळींतून चालत गेले आणि एका टोकाला पोचल्यावर नावं बदलली. सिपाही अमुक सिंग. नायक अमुक खान. पंजाब, डोग्रा, जाट, हाँगकाँग-सिंगापूर तोफखाना. आणि मग कितीतरी पाट्यांवर नावच नाही. फक्त एवढंच, की इथे भारतीय सेनेतला एक सैनिक आहे.

शेकडो आहेत. मराठी आडनाव शोधत फिरावंसं वाटलं, पण ओळी लांब होत्या आणि ट्रकवाला भोंगा वाजवत होता.

हे लोक इथे कसे आले, ते मला आमच्या मिशनमधल्या एका वयस्कर धर्मगुरूंनी सांगितलं, आणि नंतर मी वाचलं. १५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर पडलं. हजारो हिंदी सैनिक जपान्यांच्या हाती आले. त्यांच्यातून आझाद हिंद सेना उभी राहिली. जे तिच्यात गेले त्यांची कहाणी आपल्याला माहीत आहे, लाल किल्ल्यातला खटला, जनतेचा जल्लोष, सगळं. जे गेले नाहीत त्यांच्यातले हजारो १९४३ पासून बोटींत कोंबून न्यू गिनी आणि न्यू ब्रिटनला पाठवण्यात आले, हमाली करायला. धावपट्ट्या, रस्ते, बंदरावरचा माल, आणि हे बोगदे. उपासमार, मलेरिया, बेरीबेरी, मार, आणि वरून मित्रराष्ट्रांचेच बॉम्ब. सप्टेंबर १९४५ मध्ये जपानी सेनापती इमामुरा यांनी शरणागती पत्करली, तेव्हा ऑस्ट्रेलियन सैन्याला राबाउलभोवती पाच हजारांहून जास्त हिंदी कैदी जिवंत सापडले. गोऱ्या युद्धकैद्यांची संख्या त्या मानाने अगदी किरकोळ. म्हणजे या बेटावरच्या युद्धकैद्यांची गोष्ट आकड्यांनी बघितली तर मुख्यतः आपल्या लोकांची आहे.

पलीकडे मुख्य बेटावर वेवाकच्या बाजूला तर याहून वाईट. चिंत सिंग नावाचा एक डोग्रा अधिकारी तिथल्या तुकडीतून शेवटी सुटलेल्या अकरांपैकी एक. युद्धगुन्ह्यांच्या चौकशीत साक्ष द्यायला तो मागे थांबला. उरलेले दहा घरी निघाले आणि त्यांचं विमान कोसळलं. चिंत सिंगने साक्षीत जे सांगितलं ते मी वाचलं आहे. शाळेत कधी सांगणार नाही.

का गेले नाहीत ते आझाद हिंद सेनेत? कोणाला मिठाची, शपथेची बांधिलकी वाटली असेल, कोणाचा जपान्यांवर विश्वास नसेल, कोणाच्या पलटणीच्या सुभेदाराने नको म्हटलं असेल आणि तेवढंच पुरेसं असेल. वीस-बावीस वर्षांच्या शेतकऱ्याच्या पोराच्या मनात काय चालतं ते आपण इतक्या लांबून ठरवू नये. पण एक गोष्ट मला त्या गवतावर उभं राहून स्पष्ट दिसली. स्वतंत्र भारताच्या गोष्टीत यांची सोय होत नाही. ते इंग्रजांसाठी मेले, म्हणून देशभक्तीच्या धड्यात नाहीत. इंग्रजांच्या गोष्टीतही ते शेवटच्या ओळीतले. यांच्यासाठी रडणारं कोणतंही कॅलेंडर नाही. राष्ट्रपती प्रणव मुखर्जी २०१६ साली पोर्ट मोर्सबीजवळच्या बोमाना कबरस्तानात जाऊन आले, ते बरं केलं. पण राष्ट्रपतींनी एकदा जाणं आणि कोणीतरी दर वर्षी जाणं या वेगळ्या गोष्टी आहेत.

परतताना ट्रकमध्ये आमच्या मुख्याध्यापिका सिस्टर शेजारी बसल्या होत्या. त्यांना मी हे सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्यांचं ताबू कोणी वाटलं?"

ताबू म्हणजे टोलाईंचं शिंपल्यांचं धन. बारीक शिंपले वेताच्या काडीत ओवून लांबच लांब माळा करतात आणि दोन हात पसरून मोजतात, आपले कोळी दोर वावेने मोजतात तसं. अजून त्याच्यावर बाजारात भाजी मिळते, लग्नं होतात. मोठ्या माणसाकडे या माळांची गाडीच्या चाकाएवढी वेटोळी असतात, पानांत गुंडाळून ठेवलेली. माणूस आयुष्यभर ताबू साठवतो ते खर्चायला नाही, मेल्यावर वाटलं जावं म्हणून. अंत्यसंस्काराला वेटोळं तोडतात आणि आलेल्या प्रत्येकाच्या हातावर तुकडा ठेवतात. तो घेतला की मेलेल्याची आणि तुमची गाठ बसली. ज्याचं ताबू वाटलं गेलं नाही त्याचं मरण, टोलाईंच्या हिशेबाने, अजून चालूच आहे.

मी म्हटलं, "कोणीच नाही वाटलं." त्यांनी खिडकीबाहेर बघत मान हलवली. पुढच्या आठवड्यात त्या बाजारातून हातभर ताबू घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "दोन नोव्हेंबरला घेऊन जाऊ." मी ब्रह्मज्ञान सांगणार होते की सर्व मृतांच्या दिवशी मेणबत्त्या आणि फुलं एवढंच असतं, पण गप्प बसले. गेलोही. सगळ्या पाट्यांना पुरेल एवढं ताबू अर्थातच नव्हतं. ते तोडून आम्ही आमच्याबरोबर आलेल्या मुलींना दिलं, कारण नियम तोच आहे, मेलेल्याला द्यायचं नसतं, आलेल्याला द्यायचं असतं. मुली खूश झाल्या. एकीने तिथल्या तिथे कानातल्याला लावलं.

जपानी पाहुणे येतात ते बहुधा एकेकटे नाही, घोळक्याने, आणि आता फार म्हातारे. राबाउलमागच्या नामानुला टेकडीवर त्यांचं शांतिस्मारक आहे. तिथे उदबत्ती लावतात, शिळेवर साके ओततात. त्यांच्या सरकारची माणसं हाडं शोधायलाही येतात. आमच्या गावातली पोरं त्यांच्यामागे फिरतात, गंजलेल्या काडतुसांच्या बदल्यात चॉकलेट. यामामोतो हा त्यांचा मोठा अॅडमिरल १८ एप्रिल १९४३ ला राबाउलहूनच उडाला आणि बुगनविलवर अमेरिकनांनी त्याला पाडलं, त्याचा राबाउलचा बंकर बघायला सगळ्यांना जायचं असतं. मला ही यात्रा आवडत नाही. पण साके ओतणाऱ्या ऐंशीच्या पुढच्या बाईंना मी एकदा हाताला धरून पायऱ्या उतरवून दिल्या, तेव्हा त्या इतका वेळ वाकून नमस्कार करत राहिल्या की मी गोंधळून त्यांच्यापेक्षा खाली वाकले.

आणि इथल्या लोकांचं काय? सरकारी उत्तर २३ जुलै. १९४२ साली त्या दिवशी पापुआच्या पायदळाने आवाला गावाजवळ जपान्यांवर पहिली गोळी झाडली. पोर्ट मोर्सबीला संचलन होतं, भाषणं होतात. कोकोडाच्या चिखलातून ऑस्ट्रेलियन जखमींना खांद्यावर वाहून आणणाऱ्या गावकऱ्यांना त्या दिवशी देवदूत म्हणतात. देवदूत म्हणणं स्वस्त पडतं, मजुरी द्यावी लागत नाही. आमच्या न्यू ब्रिटनला मात्र हा दिवस थोडा लांबचा वाटतो. कोकोडा त्यांचं, राबाउल आमचं.

आमचं म्हणजे आधी वुनापोपे. कोकोपोच्या कडेला समुद्रावर हे जुनं मिशन आहे, कॅथेड्रल, दवाखाना, शाळा, नर्सिंग कॉलेज. युद्धात सगळे परदेशी धर्मगुरू आणि धर्मभगिनी इथे कैदेत होते. बिशप शार्माख यांनी जपानी अधिकाऱ्यांना आपण हिटलरचे प्रतिनिधी आहोत असं ठोकून दिलं आणि त्या भांडवलावर ऑस्ट्रेलियन सिस्टर्सना वाचवलं, असं त्यांनीच लिहून ठेवलंय. पुढे १९४४ मध्ये बॉम्बनी मिशन सपाट झालं आणि सगळ्यांना रामालेच्या दरीत हलवलं. कॅथेड्रलच्या आवारात यावर लोक हमखास बोलतात. ज्यांच्यावर कमी बोलतात त्या म्हणजे टोलाई आणि आसपासच्या जमातींच्या तरुण धर्मभगिनी. त्यांना जपानी म्हणाले, झगे उतरवा आणि घरी जा. त्या गेल्या नाहीत. बागा खणल्या, तारो आणि रताळी पिकवली आणि कैदेतल्यांना खायला पोचवत राहिल्या. युरोपियन सिस्टर्स जगल्या त्या बिशपच्या थापेवर आणि या मुलींच्या रताळ्यांवर. थाप पुस्तकात आली.

हे मला जरा जवळून लागतं. मीही परदेशी सिस्टर आहे. इथल्या धर्मसभेला शंभर-सव्वाशे वर्षं युरोपने माणसं पुरवली, आता भारत पुरवतो. केरळ, मंगलोर, झारखंड, गोवा, वसई. आम्ही आलो म्हणून मोठे हार घालतात. पण मिशनरी सगळे तुरुंगात असताना इथली धर्मसभा चालली कोणी, हा प्रश्न विचारला की उत्तर मिळतं ते राकुनाई नावाच्या गावाचं.

राकुनाईचा पीटर तो रोट. जन्म १९१२, बाप गावचा प्रमुख, स्वतः धर्मशिक्षक. बायको पाउला, तीन मुलं. धर्मगुरूंना पकडून नेलं तेव्हा त्याने मुलांचे बाप्तिस्मे केले, लग्नं लावली, मेलेल्यांना पुरलं, लपून प्रार्थना चालवल्या. जपान्यांनी प्रार्थनांवर बंदी घातली, आणि गावच्या मुख्यांना खूश ठेवायला दोन-दोन बायका करण्याची जुनी चाल परत सुरू करायचं ठरवलं. तो रोट त्याविरुद्ध उघड बोलला. १९४५ मध्ये त्याला पकडलं. जुलैमध्ये आई भेटायला आली तेव्हा त्याने तिला सांगितलं, की डॉक्टर येणार आहे म्हणतात औषध द्यायला, पण मी तर आजारी नाही. ७ जुलैला त्याला सुई टोचून मारलं. तेहतीस वर्षांचा होता. जपानची शरणागती सव्वा महिन्यावर होती.

१९९५ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी पोर्ट मोर्सबीला येऊन त्याला धन्य घोषित केलं. ७ जुलै सरकारी यादीत नाही. तरी त्या दिवशी अख्खा प्रांत राकुनाईच्या रस्त्याला लागतो. ट्रकच्या मागे उभे राहून, अनवाणी, रात्री मुक्काम करून. बिगुल नाही, मौन तर नाहीच नाही. ढोल, गिटारी, फुलांचे हार, आणि जमिनीत खड्डे करून शिजवलेलं जेवण. पहिल्या वर्षी मला हे युद्धाचं स्मरण वाटलंच नाही, जत्रा वाटली. मग लक्षात आलं की तिथे आलेल्या प्रत्येक कुटुंबाकडे एक गोष्ट आहे, कोणाचा आजोबा बोगद्यात गेला, कोणाची पणजी बॉम्बमध्ये, आणि त्यांच्या नावाची पाटी कुठेही नाही. बिटा पाकाला तर नाहीच. ते सगळे तो रोटच्या नावाखाली जेवायला येतात. माझं मत विचाराल तर या बेटावरचं सगळ्यात पुरं स्मरण हेच आहे, त्यात फक्त सैनिक नाहीत.

१५ ऑगस्टबद्दल थोडक्यात. वसईत त्या दिवशी आम्ही झेंडावंदन करून मारियामातेच्या स्वर्गोन्नयनाच्या मिस्साला जातो, दोन्हीची मिठाई एकाच डब्यात. इथे त्यात तिसरी गोष्ट मिळाली, की १९४५ साली त्याच दिवशी जपानच्या सम्राटाने रेडिओवरून हार सांगितली. मी शाळेत फळ्यावर तिन्ही लिहिलं. मुलींनी चौथं घातलं, "सिस्टर, आज आमची बास्केटबॉलची फायनल."

२०२५ चं १६ सप्टेंबर मोठं होतं, स्वातंत्र्याची पन्नास वर्षं. आठवडाभर शाळेत गणवेश नाही, प्रत्येकीने आपापल्या मुलुखाचा साज. पिसं, शिंपले, रंगवलेले चेहरे, आणि सगळीकडे लाल-काळा झेंडा. हा झेंडा १९७१ साली सुझन कारिके नावाच्या शाळकरी मुलीने काढला, हे मी प्रत्येक वर्गात सांगते, कारण माझ्या मुलींना वाटतं महत्त्वाच्या गोष्टी म्हातारे पुरुष ठरवतात. आणि मग महिन्याभराने, १९ ऑक्टोबरला, रोममध्ये पोप लिओ यांनी सात जणांना संत घोषित केलं. त्यातला एक तो रोट. या देशाचा पहिला संत.

रोममध्ये सकाळ, आमच्याकडे संध्याकाळ. राकुनाईला पडदा लावला होता, जनरेटर भाड्याने आणला होता. मी बायकांमध्ये मागे बसून तारो सोलत होते. शेजारी एक बुबु होती, इथे आजीला बुबु म्हणतात. दात सुपारीने लाल, मांडीवर केळीची पानं. आयगिर करायचं होतं. ते असं, की पानांच्या भांड्यात भाजी, कोंबडी, नारळाचं दूध, आणि त्यात तापवलेले दगड सोडून तोंड बांधून टाकायचं.

बुबुने विचारलं, "तुमच्या गावात संत आहे?"

"आहे. गोन्सालो गार्सिया. आमच्या चर्चचं नावच त्याचं."

"तो कसा मेला?"

"क्रूसावर. जपानमध्ये, नागासाकीला."

तिने सुरी खाली ठेवली. "जपान्यांनी?"

"हो. पण फार पूर्वी, १५९७ साली."

साल तिच्या दृष्टीने किरकोळ होतं. तिने वळून बाकीच्या बायकांना कुआनुआत, टोलाईंच्या भाषेत, ओरडून सांगितलं, आणि एकदम मला सगळ्यांनी वेढलं. माझ्या खांद्यावर हात ठेवले, कोणी सुपारी पुढे केली. म्हणजे मी आता त्यांच्यातली, माझ्याही गावचा माणूस जपान्यांनीच मारला. मला ते बरं वाटलं आणि अवघडही वाटलं, कारण गोष्ट एवढीच नव्हती.

"बुबु, त्याच्याबरोबर अजून पंचवीस होते."

"सगळे तुमच्या गावचे?"

"नाही, आमच्या गावचा तो एकच. वीस जण तर जपानीच होते. त्यातले काही अगदी पोरगे."

तिने थोडा विचार केला. "जपान्यांनी जपानी मारले?"

"हो."

तिने हेही ओरडून सांगितलं. यावर बायकांत वाद सुरू झाला. मला सगळा कळला नाही, पण मुद्दा असा दिसला की त्या विसांचं जेवण कोण घालतं. एक म्हणाली, त्यांचे नातेवाईक घालत असतील. दुसरी म्हणाली, जपानी लोक इतके कमी जेवतात, ते काय घालणार. बुबुने मला विचारलं, तुम्ही गावात सणाला जेवण घालता तेव्हा त्या विसांचं धरता का? मी म्हटलं, धरत नाही बहुतेक. खरं तर आमच्याकडे सणाला गोन्सालोची मिरवणूक निघते, बँड असतो, दुपारी घरोघरी मटण असतं, बाकी पंचवीस जण गावात कोणाच्या बोलण्यातही नसतात.

"मग आज धरू," ती म्हणाली आणि ढिगातून आणखी तारो माझ्यापुढे लोटले. "हे सोल."

तेवढ्यात पडद्यावर पोपनी नाव घेतलं. पीटर तो रोट. सगळं गाव उभं राहिलं, ढोल एकदम सुरू झाले, आणि त्याच क्षणी जनरेटर बंद पडला. कोणालाही त्याचं काही वाटलं नाही. दोन पोरं दोरी ओढत त्याच्याशी झटत राहिली, रोममध्ये पुढे काय झालं ते आम्हाला दुसऱ्या दिवशी फोनवर कळलं. आयगिरचे दगड मात्र वेळेवर तापले होते, आणि बुबुने चिमट्याने पहिला उचलून भांड्यात सोडला तसा नारळाच्या दुधाने चर्र आवाज केला आणि तिने मला हाताला धरून मागे ओढलं, कारण ते उडतं.